हा कुणाचा?

"सून पोटुशी आहे माझी!" माइकवरून आबांचा आवाज घुमला. "नातू झाला तर तोसुद्धा देशाला दिला! हा सुभेदार हिंदुराव फडतऱ्याचा शब्द!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समोर माझा नवरा तिरंग्याखाली पेटीत निजला होता. शाळेच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं आली होती, पोलीस होते, टीव्हीवाले होते, एक मंत्रीही होते. नव्व्याण्णव साल, कारगिलची लढाई. त्या उन्हाळ्यात देशभरातल्या कितीतरी गावांत अशा पेट्या आल्या. आमच्या खडकमाळला एक आली, ती आमच्या घरात आली.

मला पाचवा महिना होता. आबा म्हणजे माझे सासरे. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ताठ मानेचे. लेकाच्या पेटीसमोर त्यांच्या डोळ्यांत टिपूस आला नाही, आणि लोक म्हणत होते, बघा, याला म्हणतात काळीज. मी मात्र पोटावर हात ठेवून उभी होते. अजून ज्याला नाक-डोळे फुटतायत, त्याला या माणसांनी टाळ्या वाजवून देऊनसुद्धा टाकला! मला ओरडायचं होतं, अहो मामंजी, हा तुमचा नाही, माझा आहे. पण त्या माइकपुढं माझं कोण ऐकणार? मनात म्हटलं, थांबा, वेळ येईल माझी.

मी मानसिंगचं नाव घेते, हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं घेते. पण वेशीतल्या कमानीवर त्यांचं नाव कोरलं, येणारा-जाणारा ते वाचतो. मग मीच काय पाप केलंय?

माझं माहेर सांगोल्याकडचं. आमच्या भावकीत फौजेत कुणी नाही. तिकडं डाळिंबं पिकतात आणि बांधावरून भांडणं होतात, बस्स. खडकमाळची तऱ्हा वेगळी. माण तालुक्यातलं कोरडं गाव, घरटी एक शिपाई. आणि गावाची एक रीत. फौजी माणूस पेन्शनीत आला की त्याची पत्र्याची काळी ट्रंक माजघरात ठेवायची. घरात मुलगा झाला की बाराव्या दिवशी, पाळण्यात घालायच्या आधी, बाळाला उघडं करून त्या ट्रंकेवर निजवायचं. घरातला मोठा माणूस विचारतो, "हा कुणाचा?" आणि जमलेले सगळे ओरडतात, "पलटणीचा!" असं तीनदा. मग पाळणा, मग नाव. ज्याला ट्रंकेवर ठेवला तो पुढं भरतीला जाणार, यात कुणाला शंका नसायची. बारशाला ठरलेलं लग्नासारखं बदलायचं नाही, असा गावचा कायदा.

मानसिंगना आबांच्या ट्रंकेवर ठेवलं होतं. पुढं ते भरती झाले, तेव्हा आबांनी तीच ट्रंक त्यांना दिली. वरचा आबांचा नंबर खरवडला आणि मानसिंगचा रंगवला. नीट बघितलं तर खालचा नंबर अजून दिसतो.

ती ट्रंक श्रावणात परत आली. घेऊन आला तो उदगीरकडचा एक जवान, व्यंकट त्याचं नाव. पाय अजून ओढत होता. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "वहिनी, मला गोळी लागली तेव्हा दादांनी पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. परत वर गेले, आणखी एकाला आणलं. तिसऱ्याला आणायला गेले, ते आले नाहीत."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, आजही वाटतो. पण आबांनी ट्रंकेवरून फडकं फिरवलं, माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाले, "वेळेवर आली." तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझा भाऊ न्यायला आला, तर आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. म्हणाले, शहिदाचं मूल शहिदाच्या घरातच जन्मणार. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई हौसाबाई, काही बोलल्या नाहीत. त्या कधीच काही बोलायच्या नाहीत. आबांच्या समोर त्या खाली जमिनीवरसुद्धा बसायच्या नाहीत, दाराआड उभ्या राहायच्या. आबा जेवून उठले की मग त्यांचं ताट. लेक गेल्यापासून तर त्या नुसत्या कामाला जुंपल्यासारख्या झाल्या होत्या.

आणि मुलगा झाला. गावात साखर वाटली. माझ्या आधी सरपंचांना कळलं म्हणा ना.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी आत्याबाई माझ्या बाजेशेजारी घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसल्या होत्या. बाळ निजलं होतं. मी मनाचा हिय्या केला.

"आत्याबाई, उद्या मी बाळाला ट्रंकेवर ठेवू देणार नाही."

त्यांचा हात सुपात थांबला. "आगं, काय बोलतीस?"

"बोलायचं तेच बोलतेय. देणार नाही."

"तुज्या म्हायेरात रीत नसंल. हितं हाय. माज्या लेकाला ठिवला, माज्या दिराला ठिवला. तू काय जगायेगळी हायस? लोकं तोंडात श्याण घालतील."

"घालू देत. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

मग मी सांगितलं. तोवर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मानसिंग शेवटचे आले ते पौषात. एक दिवस गोठ्यात खोंड धूत होते. आमच्याकडं तेव्हा खिलारी खोंड होतं, नुकतं शिकायला काढलेलं. मानेवर जू ठेवलं की मटकन खाली बसायचं. आबा त्याला चाबकानं मारायचे, ते आणखी बसायचं. मानसिंग त्याच्याजवळ उकिडवे बसायचे, गळ्याखाली खाजवायचे, कानात काहीतरी बोलायचे, आणि ते पठ्ठं उठून चालायला लागायचं.

मी म्हटलं, "काय मंत्र घालता हो त्याला?"

"मंत्र कसला? विचारतो, येतोस का म्हणून. त्यालाही विचारावं लागतं, शालन." मग खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही बघ. मला बैलं पाळायची होती. दावणीला चार खिलारी, एवढंच डोक्यात. दहावी झाली आणि आबांनी हाताला धरून भरतीला नेऊन उभा केला. पळायला बरा होतो, घेतला त्यांनी."

"मग सोडून या की!"

"आता नाही. आता तिथं माझी माणसं आहेत, त्यांना टाकून कसा येऊ? माझं झालं ते झालं. पण आपल्याला पोर झालं तर त्याला तेवढं विचारायचं. जाईल, न जाईल, त्याची मर्जी. पण विचारायचं. दे टाळी."

शेणानं बरबटलेल्या हातावर मी टाळी दिली. आबांनी शब्द दिला होता माइकवर, मंत्र्यासमोर. मी दिला होता गोठ्यात, खोंडासमोर. माझा आधीचा होता.

हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं आणि आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत बसले. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या. सगळे हरभरे निवडून झाले, तरी त्या बोटं फिरवतच होत्या. मग सूप घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या गाव लोटंल. आजून दोन शेर भिजवाया पायजेत."

मी मनात म्हटलं, संपलं. आता माझी मीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण भरलं, ओसरी भरली, माजघरात बायकांची दाटी झाली. मधोमध ट्रंक, तिला झेंडूचा हार, वर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारी पाळणा. आबा फेटा बांधून, छातीवर पदकं लावून उभे होते. सरपंच संभाजीराव आले होते, एका पेपरचा फोटोवाला आला होता. नावसुद्धा ठरलेलं होतं, विजय. मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

"शालन, आण बाळाला," आबा म्हणाले.

मी बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि भिंतीला पाठ लावली. "नाही" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. दोन-तीन बायका कुजबुजत पुढं आल्या, एकीनं दुपट्याला हातही घातला. "दे गं, येडेपणा करू नगं, दोन मिनिटांचं काम."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याबाई आल्या. हात घुगऱ्यांच्या पाण्यानं ओले. ते पदराला पुसत त्या सरळ मधे आल्या. ट्रंकेवरचा हार उचलला, बाजूला ठेवला, आणि ट्रंकेवर बसल्या. चांगल्या ऐसपैस, मांडी घालून. पत्रा कर्रकन वाजला.

कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला चक्कर आली वाटतं. पाणी आणा."

"मला काय बी झालं न्हाय," आत्याबाई म्हणाल्या.

आबांना क्षणभर कळेचना. त्यांच्या समोर बायको बसलेली त्यांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती. "हौसा, ऊठ."

"न्हाय उठत."

"डोकं फिरलं का तुजं? गाव जमलंय."

"जमू द्या. गाव तवाबी जमलं हुतं. ह्याच पत्र्यावर माजा मानसिंग ठिवला हुता, बारा दिसाचा, उघडा. थंडगार पत्रा लागला आन प्वार दचाकलं, टाहो फोडला त्यानं. तुमी म्हणला, शिपाई रडत न्हाय. आन म्या येडी, त्याच्या तोंडावर हात ठिवला."

पाळण्याची दोरी धरून बसलेल्या बाईनं ती हळूच सोडली.

"देशापायी गेला त्यो," आबांचा आवाज चढला. "वाघावानी गेला. त्याला कमीपना आणू नगंस."

"वाघावानीच गेला. कोण न्हाय म्हणतंय? दोघांस्नी पाठीवर घिऊन खाली आला, तिसऱ्यासाठी परत गेला. पर ते त्याचं त्यानं केलं. त्याचा मान त्याला. तुमी-आमी कसला मिरवायचा? म्या इतकी वर्सं म्हणत हुते, लेक देशाला दिला, लेक देशाला दिला. आवो, देणारी म्या कोण? आपुन त्याला साधं इचारलं बी न्हाय. त्याला बैलं पाळायची हुती, ठावं हाय का तुमाला?"

सरपंच घसा खाकरून पुढं झाले. "काकी, गावाची परंपरा आहे ही. आज सगळा देश आपल्याकडं बघतोय."

"मग तुज्या पोराला आण की संभा. त्याला पुण्याला कंपनीत चिकटावलास नव्हं? आण जा त्याला, म्या उठते."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सरपंच रुमालानं तोंड पुसत ओसरीवर गेले. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला, तर माझ्या नणंदेनं त्याच्या पुढ्यात घुगऱ्यांचं पातेलं धरलं.

आबा शिपाईगडी. हार मानायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी छाती पुढं काढली, जमावाकडं तोंड केलं आणि कवायतीच्या आवाजात विचारलं, "हा कुणाचा?"

कुणी ओ दिली नाही. ओसरीवरून एक-दोघांनी "पल..." केलं आणि गिळलं.

"हा कुणाचा?" आबांनी पुन्हा विचारलं. या खेपेला आवाज मधेच फाटला.

"त्याचा त्यो," आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून हात पुढं केले. "आण गं शालन, दे हिकडं माज्या मांडीवर. पत्रा थंड हाय."

मी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मान मात्र खाली घातली नाही. आबा तिथंच उभे होते. त्यांनी बाळाकडं बघितलं. मग त्यांनी आत्याबाईंना विचारलं, अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं. मी जवळ होते म्हणून ऐकलं.

"लई रडला हुता का गं त्यो?"

"लई," आत्याबाई म्हणाल्या.

आबा वळले आणि गोठ्यात निघून गेले. तिकडून जो आवाज आला, तो मी कुणाला सांगितला नाही. ज्यांनी ऐकला त्यांनीही नाही. पेटीसमोर जे रडले नव्हते, ते त्या दिवशी रडले.

नणंद बाळाच्या कानाशी वाकली. 'विजय' म्हणणार तेवढ्यात थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "वहिनी, काय ठेवायचं?"

त्या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. "आनंदा," मी म्हणाले.

गावानं मग जे करायचं ते केलंच. जत्रेतला पहिला नारळ आमच्या घराचा होता, तो काढून घेतला. मी म्हटलं, नारळ वाण्याकडं मिळतो. भावकीतल्या काहींनी बोलणं टाकलं. शहिदाच्या बायकोनं आणि म्हातारीनं घराण्याचं नाक कापलं म्हणे. नाक जागच्या जागी होतं, आम्ही रोज आरशात बघत होतो.

सव्वीस जानेवारीला शाळेत आबांना भाषणाला बोलावलं. मला वाटलं, आता पुन्हा माइक मिळाला की पुन्हा शब्द देणार. ते चढले, माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मानसिंगला बैलं आवडायची." आणि खाली उतरले. एवढंच. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. त्यानंतर आबा जगले तोवर त्यांनी गोठ्यात दोन खिलारी बाळगली आणि त्यांच्यावर चाबूक कधी उगारला नाही.

ट्रंक मात्र आत्याबाईंची बैठक झाली. भाजी निवडायची तर ट्रंकेवर, पोथी ऐकायची तर ट्रंकेवर. आबांच्या समोरसुद्धा. आनंदा त्यांच्या पायाशी खेळत मोठा झाला. व्यंकटभावजी दर दिवाळीला उदगीरहून यायचे, त्यांच्या लंगड्या पायाची गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. बारशाची गोष्टही त्याला पाठ होती.

तो विशीत आला आणि एक दिवस बाहेरून आला, बूट न काढता माजघरात. "आजी, ऊठ की जरा. ट्रंक पाहिजे."

"कशाला रं?"

"भरतीत निवडलोय."

मी पीठ चाळत होते. चाळण तशीच खाली ठेवली. "नाही. मी नको म्हणते."

"आई..."

"नको म्हणते. एक दिलाय मी. न विचारता दिलाय, दुसरा नाही देणार. हे गाव माझ्या दारात पुन्हा टाळ्या वाजवायला यायला नको!"

तो माझ्यासमोर खाली बसला, उकिडवा, अगदी बापासारखा. "बाबांनी तुला काय सांगितलं होतं? नको म्हण, असं सांगितलं होतं का?"

मी चाळण परत उचलली.

"विचार म्हणून सांगितलं होतं ना? मग विचार."

काय करणार? शब्द दिला होता. "जायचंय तुला?"

"जायचंय."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की."

"कुणासाठी चाललास? आबांसाठी? बापाच्या नावासाठी?"

"नाही गं. व्यंकटकाका दिवाळीला येतात ना, त्यांची पोरं बघतो मी. बाबांनी काकांना खाली आणलं नसतं तर ती पोरं नसती. मलाही कुणाला तरी तसं खाली आणता यावं, असं वाटतं. मला वाटतं. दुसऱ्या कुणाला नाही."

"तरीही मी नको म्हणते."

"म्हण. मी जाणार."

मला असा संताप आला, आणि त्या संतापात रडूही आलं. तेवढ्यात आत्याबाई हसायला लागल्या. बोळक्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी काढत हसत होत्या. "शालन, आगं ह्या घरातनं किती गेलं पलटणीत. आईला न जुमानता जाणारा ह्योच पयला!"

त्यांनी आनंदाच्या खांद्यावर हात टेकला आणि उठल्या. वीस वर्षांनी त्या ट्रंकेवरून उठल्या.

निघायच्या दिवशी गाव वेशीत जमलं. म्हातारे झालेले सरपंच संभाजीराव हार घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, शेवटी सुभेदारांचा शब्द खरा झाला म्हणायचा."

"भावजी, त्यांचा शब्द त्यांनी कधीच गोठ्यात सोडून दिला," मी म्हटलं. "याला कुणी दिलेला नाही. हा माझं न ऐकता चाललाय. हार घालायचाच असेल तर त्याला विचारून घाला."

त्यांनी खरंच विचारलं. आनंदा नको म्हणाला आणि ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीकडं चालू लागला.

जाताना त्यानं आजीला बसायला लाल प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. ती अजून भिंतीला तशीच आहे. आत्याबाई जमिनीवर बसतात, ट्रंक होती बरोबर त्याच जागी. परवा थंडी होती म्हणून मी म्हटलं, "आत्याबाई, गारठा लागेल, खुर्चीवर बसा की."

"म्या न्हाय बसत," त्या म्हणाल्या. "माजी बसायची जागा त्यो घिऊन गेलाय. त्याची त्यानं आणून दिऊ दे."